निनावी यंत्र, नावाजलेले भाग : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रातल्या अनेक मध्यमवर्गीय घरांत जो पहिला संगणक आला, त्याच्यावर तो बनवणाऱ्याचे नाव बहुधा नसे. पेठेतल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या एखाद्या दुकानदाराने सुटे भाग आणायचे, पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये बसवायचे, विंडोज टाकायची आणि रिक्षातून यंत्र घरी नेऊन जोडून द्यायचे, अशी ती रीत. अशा संगणकाला सगळे ‘असेंबल्ड’ म्हणत. ‘ब्रँडेड’ मिळत नव्हते असे नाही. एचसीएल, विप्रो आणि मुंबईची झेनिथ या देशी कंपन्या होत्या. कॉम्पॅक, एचपी, आयबीएम ही परदेशी नावे होती. तरीही शिक्षकांनी, बँकेतल्या नोकरदारांनी, डीटीपीवाल्यांनी आणि सायबर कॅफे काढणाऱ्या तरुणांनी आपले तीस-चाळीस हजार रुपये अशा यंत्रात घातले. त्या काळी घरातला हा मोठाच खर्च. किंमत कमी होती हे खरे. पण केवळ स्वस्त पडते म्हणून एवढी रक्कम कोणी फारशी ओळख नसलेल्या माणसाच्या हाती ठेवत नाही.

मग विश्वास कुठून आला? त्याचे अर्धे उत्तर यंत्राच्या दर्शनी भागावरच चिकटवलेले असे. कॅबिनेटवर ‘इंटेल इनसाइड’चा स्टिकर, मॉनिटरवर सॅमसंग किंवा एलजी, कीबोर्डवर लॉजिटेक किंवा टीव्हीएस, आणि झाकण उघडलेच तर आत सीगेटची हार्ड डिस्क. यंत्र निनावी, पण त्याचे अवयव नावाजलेले. अवयवांच्या नावलौकिकावर सगळे यंत्र कसे विकले जाते, त्यात छोट्या दुकानदाराला काय मिळते आणि त्याच्याकडून काय जाते, हा या अभ्यासविषयाचा गाभा आहे. विपणनशास्त्रात याला घटक-ब्रँडिंग म्हणतात. मराठीत या विषयावर सलग लेखन फारसे नाही, आणि ते व्हावे म्हणून ही प्रस्तावना. वाचकांनी संगणकाचे जाणकार असण्याची अट नाही. बाजारातून कधी काही पारखून घेतले असेल, तर तुमची निम्मी तयारी झालेलीच आहे.

सुरुवात थोडी मागून करावी लागते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. तो घाईने तयार करायचा असल्यामुळे कंपनीने बरेचसे भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, प्रिंटर जपानच्या एप्सनचा, फ्लॉपी ड्राइव्ह जुगी टंडन या भारतीय वंशाच्या उद्योजकाच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या. एका अर्थी आयबीएमदेखील असेंबलरच होती. मात्र तिथे पेटीवरचे नाव एवढे मोठे होते, की आतल्या नावांची चौकशी करण्याची गिऱ्हाइकाला गरज वाटली नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या, संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात हेच चित्र उलटे झाले : पेटीला नाव नाही, म्हणून आतल्या प्रत्येक नावाची चौकशी. हा उलटा प्रवास साधारण पंधरा वर्षांत घडला.

त्याची कारणे तांत्रिक होती तशीच सरकारीही होती. आयबीएमची रचना खुली असल्याने तिच्या बरहुकूम यंत्रे बनवता येत. कॉम्पॅकने १९८२-८३ मध्ये ते करून दाखवले. १९८४ पासून फिनिक्स कंपनीचे सुसंगत बायोस, म्हणजे यंत्र सुरू करून देणारी मूळ आज्ञावली, विकत मिळू लागले आणि तायवानमधल्या मदरबोर्ड बनवणाऱ्यांना रान मोकळे झाले. गिगाबाइट आणि एमएसआय १९८६ च्या, एसुस १९८९ ची. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आकारमानाचा नमुना ठरवून दिला, आणि एका कंपनीचा बोर्ड, दुसरीचे कॅबिनेट, तिसरीचा वीजपुरवठा यांची भोके-खिळे बिनबोभाट जुळू लागले. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानविषयक जागतिक करारात सामील झाला आणि संगणकाच्या भागांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने खाली आले. ही पार्श्वभूमी कंटाळवाणी वाटली, तरी सोडू नये. भाग सुटा मिळतो, म्हणूनच त्याला स्वतःची कीर्ती मिळू शकते.

आता कीर्ती कशी घडवली गेली ते पाहू. १९८० च्या दशकाअखेरपर्यंत इंटेल ही इंजिनिअरांना चिप विकणारी कंपनी होती. घरच्या गिऱ्हाइकाशी तिचा संबंध नव्हता. १९८९ मध्ये तिने एक धाडसी जाहिरात केली. २८६ हा आकडा लिहून त्यावर लाल फुली मारली आणि वाचकाला ३८६ कडे वळवले. म्हणजे स्वतःच्याच जुन्या मालावर काट! १९९१ मध्ये अमेरिकन न्यायालयाने ३८६ या आकड्यावर कोणालाही मालकी सांगता येणार नाही असा निर्णय दिला, तेव्हा इंटेलला आकड्याऐवजी नावाची गरज पडली. त्याच वर्षी ‘इंटेल इनसाइड’ मोहीम सुरू झाली. तिची खरी करामत चिन्हात नसून हिशेबात होती. संगणक बनवणाऱ्याने प्रोसेसरवर केलेल्या खर्चाचा काही हिस्सा इंटेल एका निधीत जमा करी. चिन्ह छापून केलेल्या जाहिरातींचा खर्च त्या निधीतून अंशतः भरून मिळे. १९९३ मध्ये पेंटियम हे नाव आले, १९९४ मध्ये वॉल्टर वर्झोवा या संगीतकाराने बांधलेली ती छोटीशी धून आली. गिऱ्हाइकाने कधीही डोळ्यांनी न पाहिलेली वस्तू त्याच्या कानांना ओळखीची झाली.

त्या निधीचा मोठा लाभ मोठ्या कंपन्यांनाच झाला. छोट्या असेंबलरला मिळाला तो एक लहानसा ऐवज. खोक्यातल्या, म्हणजे ‘बॉक्स पीस’ प्रोसेसरबरोबर पंखा, तीन वर्षांच्या वॉरंटीची पुस्तिका आणि कॅबिनेटवर चिकटवायचा स्टिकर येई. पुढे भारतातल्या छोट्या विक्रेत्यांसाठी इंटेलने ‘जेन्युइन इंटेल डीलर’ ही योजनाही चालवली आणि गल्लीतल्या दुकानाच्या काचेवर ती पाटी झळकू लागली. जगभर ओतलेल्या जाहिरातीच्या पैशाचा पाझर असा थेट त्या दुकानापर्यंत पोचला, आणि दुकानदाराने त्यासाठी वेगळा छदामही मोजला नव्हता. प्रोसेसरच्या किमतीत तो कुठेतरी धरलेला होताच, हे अर्थातच वेगळे.

१९९४ च्या अखेरीस या नात्याची कसोटी लागली. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजमधले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना पेंटियमच्या भागाकारात चूक आढळली. सामान्य वापरात ती क्वचितच आडवी येणारी होती, आणि इंटेलने प्रथम तसेच सांगून वेळ मारून नेण्याचा प्रयत्न केला. लोक ऐकेनात. शेवटी डिसेंबरात मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर करावे लागले आणि कंपनीच्या हिशेबात ४७.५ कोटी डॉलरचा खर्च धरला गेला. आमच्या विषयाच्या दृष्टीने यातली मौज अशी, की तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी इंटेलकडून काहीच विकत घेतले नव्हते; त्यांनी संगणक दुसऱ्याच कोणाकडून घेतला होता. तरीही फोन इंटेलला गेले. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकाची सुरुवातच या प्रसंगाने केली आहे. भागावर नाव कोरले की विक्रीबरोबर जबाबदारीही त्या नावाकडे सरकते. छोट्या दुकानदाराला हे फार सोयीचे पडते : प्रोसेसर बिघडला तर तो बेधडक म्हणू शकतो, “साहेब, कंपनीची वॉरंटी आहे, बदलून मिळेल.”

सिद्धांताची ओढ असणाऱ्या वाचकांनी जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० च्या निबंधापासून आरंभ करावा. विकणाऱ्याला मालाची खरी प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला कसा हाकलून लावतो, हे त्यात जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले आहे. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासह मिळाले. निबंध प्रसिद्ध होण्याआधी अकरलॉफ दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत काही काळ राहिले होते, आणि त्या निबंधात भारतीय गृहिणीचा उल्लेख आहे : बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे खडे वेचून काढणारी. आपल्या आई-आजीने सुपात केलेले काम एका जगप्रसिद्ध सिद्धांताचा पुरावा म्हणून उभे आहे, हे आपल्याकडे फार कोणी सांगत नाही. संगणकाच्या बाबतीत अडचण एवढीच, की रॅमची पट्टी सुपात घेऊन पाखडता येत नाही. म्हणून नावावर विसंबावे लागते. अकरलॉफ यांनीही अशा बाजारांवरचे उतारे सांगताना हमी आणि ब्रँडचे नाव यांची गणना केली आहे.

ही रीत संगणकाबरोबर आपल्याकडे आली असे मात्र कोणी समजू नये. पेटी, म्हणजे हार्मोनियम, बनवणाऱ्या छोट्या कारागिरांकडे ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. कारागिराचे नाव शेजारच्या जिल्ह्यात कोणाला माहीत नसते. पण सूर जर्मन आहेत, पॅरिसचे आहेत की पालिताण्याचे, हे गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारते आणि त्यावरून किंमत ठरते. पेटीचे लाकूड, भाता, सुरावट लावण्याचे कसब हे सगळे कारागिराचे असते, आणि तरी भाव सुरांच्या गावावरून फुटतो. संगणकाच्या दुकानदाराची स्थिती वाचकांना यावरून चटकन उमगेल. एका बाबतीत तो कमनशिबी आहे. पेटीवाल्याचा हात निदान वाजवताना कळतो. असेंबलरची कारागिरी, म्हणजे तारांची नीट बांधणी, पंख्याची दिशा, प्रोसेसरवर लावलेल्या लेपाचे प्रमाण, ही सारी झाकणाआड जाते.

आता या विषयाच्या मुख्य दस्तऐवजाकडे वळू. अभ्यासकाला येथे ताम्रपट किंवा बखरी मिळत नाहीत. मिळते ते कोटेशन. दुकानदाराने लेटरहेडवर, पुष्कळदा नुसत्या चिठ्ठीवर, लिहून दिलेली भागांची यादी. साधारण २००३-०४ सालचे कोटेशन असे असे : इंटेल पेंटियम फोर, मदरबोर्ड इंटेल ओरिजिनल ८४५, रॅम २५६ एमबी डीडीआर, हार्ड डिस्क ४० जीबी सीगेट, सीडी रायटर एलजी, मॉनिटर १५ इंची सॅमसंग, कीबोर्ड-माउस लॉजिटेक, एटीएक्स कॅबिनेट, स्पीकर, यूपीएस. शेवटी ‘टॅक्स एक्स्ट्रा’ आणि वॉरंटीची ओळ. वाचकांनी ही यादी नुसती वाचू नये, तिच्यातले मौन वाचावे. कोणत्या ओळीत कंपनीचे नाव आहे आणि कोणत्या ओळीत नाही?

नावाच्या ओळी दुकानदाराला गिऱ्हाईक मिळवून देतात. त्यांतच त्याची कोंडीही असते. इंटेलचा अमुक प्रोसेसर, सीगेटची तमुक क्षमतेची डिस्क या वस्तू सगळीकडे हुबेहूब त्याच. गिऱ्हाईक तो कागद घडी करून खिशात घालते, दोन दुकाने पुढे जाते आणि ओळीला ओळ लावून भाव पाहते. त्यामुळे नावाजलेल्या भागावर दुकानदाराला सुटणारा नफा अगदी तुटपुंजा. ज्याची कीर्ती मोठी, त्यावर उरणारे पैसे कमी, असा या धंद्याचा उफराटा न्याय आहे. मग दुकान चालते कशावर? बिननावाच्या ओळींवर. कॅबिनेट, स्पीकर, रॅमची पट्टी, आणि ज्याला यादीत स्वतंत्र ओळसुद्धा मिळत नाही तो एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा वीजपुरवठा. तुलना करायला तिथे नावच नसते. तिथे दुकानदाराच्या शब्दावर भाव ठरतो.

माझ्या मते या विषयातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि पाठ्यपुस्तके ती जवळजवळ टाळतात. घटकांची कीर्ती छोट्या विक्रेत्याला मदत करते, एवढे सांगून ती थांबतात. प्रत्यक्षात कीर्ती त्याला दारापर्यंत गिऱ्हाईक आणून देते आणि त्याच क्षणी नफा निनावी भागांत दडवायला लावते. त्याचा परिणाम कुठे दिसतो? एसएमपीएसवर ४५० वॅटचा कागद चिकटवलेला असतो, पण तेवढी शक्ती तो सलग देऊ शकेल याची हमी कोणी घेतलेली नसते. महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. वीज जायची, झटक्याने यायची, दाब वरखाली व्हायचा, आणि तो मार पहिल्यांदा झेलायचा या निनावी डबीने. ती गेली की कधी कधी बोर्ड आणि डिस्कही घेऊन जाई. म्हणजे ज्या भागांच्या नावावर यंत्र विकले, त्यांचे आयुष्य बिननावाच्या भागाच्या हाती.

यावरून छोटा दुकानदार लबाड असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ज्याने निनावी ओळींतही चांगला माल घातला, त्याला कोटेशनच्या शर्यतीत दोन-तीनशे रुपयांनी हार पत्करावी लागे, आणि का हरलो ते गिऱ्हाइकाला पटवण्याचे साधन त्याच्या हाती नसे. असे दुकानदार होते. ते गिऱ्हाइकाला उंच स्टुलावर बसवून दोन एसएमपीएस हातात देत आणि वजनातला फरक जोखायला सांगत. जड तो बरा, हा ठोकताळा शास्त्रशुद्ध नसला तरी निरर्थक नव्हता. चांगल्या पुरवठ्यात तांबे आणि उष्णता शोषणारे ॲल्युमिनियम जास्त असे. २००४ पासून ‘८० प्लस’ हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र सुरू झाले, कोर्सेअरसारख्या कंपन्यांचे एसएमपीएस आपल्या बाजारात रुळले, आणि कोटेशनमध्ये त्या डबीला हळूहळू स्वतःची ओळ मिळाली. एका भागाचे असे निनावीपणातून नावाकडे येणे, हा एखाद्या प्रबंधाचा विषय होईल.

‘इंटेल ओरिजिनल’ या शब्दांकडेही थोडे थांबून पाहावे. तेव्हा बाजारात मदरबोर्ड दोन परींचे सांगितले जात : इंटेलने स्वतः बनवलेला ‘ओरिजिनल’ आणि इंटेलचा चिपसेट, म्हणजे बोर्डावरच्या नियंत्रक चिपांचा संच, वापरून दुसऱ्या कोणी बनवलेला. दुसऱ्यावरही इंटेल हे नाव खरेपणाने लिहिता येई, कारण चिपसेट इंटेलचाच असे. ‘इंटेल चिपसेट’ आणि ‘इंटेल बोर्ड’ यांतले अंतर नवख्या गिऱ्हाइकाला कळत नसे, जाणकाराला चांगलेच कळे, आणि किमतीतला फरक नेमका त्या अंतरात असे. रॅमचेही तसेच. ‘हायनिक्सची रॅम’ म्हणताना पट्टीवरच्या काळ्या चिपवर हायनिक्स छापलेले असे. पण त्या चिपा हिरव्या पट्टीवर कोणी डाखल्या, कोणी तपासल्या, हे चिप सांगत नाही. कीर्ती अशी एक पायरी खाली उतरते आणि मधला कारागीर अदृश्य होतो.

आणखी एक पायरी खाली गेलेली पाहायची असेल, तर साधारण १९९९ ते २००७ या काळातला कॅपॅसिटरचा प्रकार अभ्यासावा. सदोष द्रावण भरलेले, बहुतांशी तायवानी बनावटीचे कॅपॅसिटर नामांकित मदरबोर्डांवरही बसले होते. दीड-दोन वर्षांत त्यांची डोकी फुगत, काहींतून तपकिरी द्रव पाझरे, आणि संगणक मधेच बंद पडू लागे. गल्लीबोळांतल्या दुरुस्तीवाल्यांनी तेव्हा बोर्डवर डाख लावून कॅपॅसिटर बदलण्यात हात बसवला. त्यानंतर मदरबोर्डच्या खोक्यावर ‘जपानी कॅपॅसिटर’, ‘सॉलिड कॅपॅसिटर’ असे छापून येऊ लागले; गिगाबाइटने ‘अल्ट्रा ड्युरेबल’ या नावाने मालिकाच काढली. पाच-दहा रुपयांच्या भागाला जाहिरातीत जागा मिळाली, ती त्याने आधी केलेल्या नुकसानीमुळे.

नावाइतकेच वजन वॉरंटीला आहे, आणि इथे कथेत तिसरे पात्र येते : वितरक. परदेशी कंपनी आणि गल्लीतला दुकानदार यांच्यामध्ये मुंबईची राशी पेरिफेरल्स, चेन्नईची रेडिंग्टन यांसारखे मोठे वितरक उभे असतात. त्यामुळे जाणते गिऱ्हाईक “कुठल्या कंपनीचे?” यापाठोपाठ “वॉरंटी कोणाची?” असेही विचारते. वितरकाचा स्टिकर हा स्वतंत्र ब्रँडच होऊन बसला. त्याशिवाय ‘ट्रे पीस’ हा प्रकार होता : मोठ्या उत्पादकांसाठी थाळ्यांत पाठवलेले, बिनखोक्याचे प्रोसेसर सुटे विकले जात. वस्तू तीच, पण पंखा नाही आणि कंपनीची तीन वर्षांची हमी नाही. नव्वदच्या दशकात तर हलक्या वेगाच्या चिपवरची अक्षरे खोडून वरच्या वेगाचा आकडा छापण्याची फसवणूक जगभर चाले. इंटेलने प्रोसेसरचा वेग-गुणक कुलूपबंद केल्यावर तिला आळा बसला.

हमी देणारा हात कोणाचा, हा प्रश्न पुढे कायद्याच्या दारातही गेला. २०१६ मध्ये इंटेलने भारतापुरता असा नियम केला, की खोक्यातला प्रोसेसर भारतातल्या अधिकृत वितरकाकडून आलेला असेल तरच येथे वॉरंटी मिळेल. परदेशातून आणलेल्यासाठी खरेदीच्या देशात जावे. समांतर आयात करणाऱ्या एका कंपनीने तक्रार केली आणि २०१९ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला. तो आदेश वाचकांनी अवश्य मिळवून वाचावा. कीर्ती एकाची, माल दुसऱ्या वाटेने आलेला आणि विकणारा तिसरा, असे असताना हमी कोणी पाळायची, याचा ऊहापोह त्यात सापडतो.

कीर्तीची आणखी एक बाजू आहे, जिची नोंद दुकानदारांकडूनच घ्यावी लागते. १९९९ मध्ये इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीचा ॲथलॉन हा प्रोसेसर आला. त्याच पैशात जास्त काम देणारा, हे दुकानदारांना वापरून कळत होते. पण गिऱ्हाईक विचारी, “इंटेल का नाही?” एएमडी तापतो, अशी बोलवा होती, तिच्यात काही काळ तथ्यही होते, नंतर ती नुसती बोलवा उरली. अशा वेळी दुकानदारापुढे दोन वाटा. गिऱ्हाइकाला हवे ते द्यावे आणि सुटावे, किंवा आपल्याला पटते ते द्यावे आणि पुढची तीन वर्षे प्रत्येक बारीकसारीक बिघाडाचे खापर ‘तुम्हीच सांगितलेल्या’ प्रोसेसरच्या नावाने स्वतःच्या डोक्यावर घ्यावे. बहुतेकांनी पहिली वाट धरली, आणि त्यांना दोष देणे मला जमत नाही. उसन्या नावावर चालणाऱ्या धंद्यात स्वतःचे ज्ञान विकणे महाग पडते. २०१७ मध्ये एएमडीचा रायझन आल्यावर हे चित्र पालटले. तोवर गिऱ्हाईक यूट्यूबवरची परीक्षणे पाहून दुकानात येऊ लागले होते. समजावण्याचे काम दुकानदाराच्या वाट्यातून गेले, आणि त्याबरोबर त्याचा थोडा अधिकारही.

दरम्यान बाजार बदलला. घरचा साधा संगणक म्हणजे लॅपटॉप असे झाले, आणि लॅपटॉप काही गल्लीत जोडला जात नाही. जानेवारी २०१३ मध्ये इंटेलने मदरबोर्डचा व्यवसाय टप्प्याटप्प्याने बंद करत असल्याचे सांगितले, तेव्हा कोटेशनमधली ‘ओरिजिनल’ ही भरवशाची ओळ इतिहासजमा झाली. असेंबल्ड यंत्र आज उरले आहे ते गेम खेळणाऱ्यांसाठी, चित्रफिती संपादित करणाऱ्यांसाठी, वास्तुविशारदांसाठी. त्यांच्या कॅबिनेटला एका बाजूने काच असते आणि आत रंगीत दिवे. आतले प्रत्येक नाव डोळ्यांना दिसते. गंमत म्हणजे याच गिऱ्हाईकवर्गाने तारांच्या बांधणीकडे पाहायला सुरुवात केली, आणि असेंबलरच्या हाताला प्रथमच दर मिळू लागला. छोट्या गावातला मुलगा आपण जोडलेल्या यंत्राचे फोटो दाखवून पुढचे काम मिळवतो, हे वीस वर्षांपूर्वीच्या दुकानदाराला खरे वाटले नसते.

नव्या वाचकाने या विषयात शिरावे कसे? फिलिप कोटलर आणि वाल्डेमार फोर्च यांचे घटक-ब्रँडिंगवरचे २०१० चे पुस्तक चौकट समजायला चांगले आहे, मात्र ते मोठ्या कंपन्यांच्या खिडकीतून पाहते, हे ध्यानात ठेवावे. क्लिफर्ड गीर्ट्झ यांचा मोरोक्कोतल्या बाजारावरचा १९७८ चा लेख वाचला, तर भाव करणे म्हणजे माहिती मिळवणे कसे, ते कळेल. दिल्लीतल्या नकली आणि अर्धनकली वस्तूंच्या जगाविषयी रवी सुंदरम यांचे काम आहे. हे तिन्ही वाचून झाले की पुस्तके बाजूला ठेवून ग्रँट रोड स्टेशनवर उतरावे. लॅमिंग्टन रोड कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. एकेकाळी रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या या रस्त्याने ट्रान्झिस्टर, कॅसेट, संगणक असे सगळे ऋतू पाहिले आहेत. पुण्यात तपकीर गल्ली आहे. दुकानदाराशी बोलताना नफ्याविषयी थेट विचारू नये. रिप्लेसमेंटला किती दिवस लागतात, असे विचारावे. त्या एका प्रश्नातून कंपनी, वितरक आणि गिऱ्हाईक या तिघांविषयीचे त्याचे मत आपोआप बाहेर येते.

तालुक्याच्या गावांकडे मात्र आजवर कोणाचेच पुरेसे लक्ष गेलेले नाही, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर खरी खाण तिथे आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम आला, आणि गावोगावी केंद्रे निघाली. केंद्र काढायचे तर एकदम अनेक संगणक लागत. एक घरगुती यंत्र विकणाऱ्या दुकानदारापुढे अचानक घाऊक गिऱ्हाईक उभे राहिले, आणि ते स्टिकरपेक्षा दुसरेच काही विचारत होते : बॅच चालू असताना यंत्र बंद पडले, तर माणूस किती वेळात येईल? अशा केंद्रचालकांनी कोणत्या ओळींत नावाचा आग्रह धरला आणि कोणत्या सोडून दिल्या, हे त्यांच्या जुन्या फायलींतली कोटेशने आणि बिले सांगू शकतील. अनेक केंद्रे अजून चालू आहेत, चालक अजून भेटतात. थर्मल कागदावरची बिले मात्र काळाबरोबर पांढरी पडत जातात, तेव्हा ज्यांना या कामाची हौस आहे त्यांनी कॅमेरा घेऊन लवकर जावे.